अल्प भांडवलातील ऑनलाइन व्यवसाय : पैसा अडकतो कोठे?

धंदा म्हटला की भांडवल आलेच, असे मानण्याची पूर्वापार पद्धत आहे. दुकानाची पागडी, लाकडी मांडणी, भरलेला माल, एखादा नोकर आणि पहिले काही महिने गिऱ्हाईक येईपर्यंत तग धरण्याची ताकद, एवढे सारे जमवल्याशिवाय दुकानाची पाटी लागत नसे. इंटरनेटने या यादीतील पहिल्या दोन-तीन बाबी खोडून टाकल्या आहेत. हाती स्मार्टफोन, बँकेत खाते आणि विकण्याजोगी वस्तू अथवा कौशल्य असले, तर घरच्या ओसरीवरूनही देशाच्या दुसऱ्या टोकाच्या ग्राहकाशी व्यवहार करता येतो. साहजिकच ‘बिनभांडवली धंदा’ या शब्दांचे आकर्षण वाढले आहे.

हे आकर्षण गैर नाही, परंतु ते अर्धसत्यावर उभे आहे. दुकान थाटण्याचा खर्च वाचला, म्हणजे धंदा चालवण्याचा खर्च वाचला असे होत नाही. अनेक लहान ऑनलाइन व्यवसाय ग्राहक नसल्यामुळे नव्हे, तर ऑर्डर हाती असताना पैसा संपल्यामुळे अडचणीत येतात. घरातील जपून ठेवलेली बचत अशा वेळी पणाला लागते. हा पैसा नेमका कोठे व किती दिवस अडकतो आणि तो अडकू नये म्हणून काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. ‘भांडवल नाही’ याचा खरा अर्थ

माल खरेदी केल्यापासून ग्राहकाचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्या मालात कोणाचा तरी पैसा गुंतलेला असतो. वाणिज्यशास्त्रात यालाच खेळते भांडवल म्हणतात. हा पैसा चार ठिकाणांहून येऊ शकतो : स्वतःची बचत, पुरवठादाराची उधारी, ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम किंवा बँकेचे कर्ज. म्हणजेच बिनभांडवली धंद्यातही भांडवल असतेच, फक्त ते दुसऱ्याचे असते आणि दुसऱ्याच्या पैशाला किंमत मोजावी लागते. पुरवठादार उधारीवर माल देताना भाव चढा लावतो. बँक व्याज आकारते. ग्राहक आगाऊ पैसे देतो तेव्हा त्याच्या बदल्यात विश्वास मागतो.

फ्लिपकार्टचा आरंभ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. २००७ साली सचिन बन्सल व बिन्नी बन्सल या दोन अभियंत्यांनी बेंगळुरूमध्ये पुस्तकविक्रीपासून हा व्यवसाय सुरू केला. प्रारंभी त्यांनी पुस्तकांची कोठारे भरून ठेवली नाहीत. ऑर्डर आली की पुस्तक विक्रेत्याकडून मिळवायचे, बांधायचे आणि रवाना करायचे, असा क्रम होता. पुस्तक ही वस्तूही विचारपूर्वक निवडलेली दिसते. ते वाटेत फुटत नाही, नासत नाही, मापाचा प्रश्न नसतो आणि न पाहताही ग्राहकाला आपण काय घेत आहोत हे पक्के ठाऊक असते. वस्तू कोणती निवडली, यावरच किती पैसा अडकेल हे पुष्कळसे ठरते.

२. तीन पायऱ्या

अल्प भांडवलात ऑनलाइन व्यवसाय करू इच्छिणाऱ्यासमोर साधारणतः तीन मार्ग असतात. पैसा किती अडकतो या क्रमाने त्यांच्याकडे पायऱ्या म्हणून पाहता येईल.

पहिली पायरी सेवेची. शिकवणी, भाषांतर, अक्षरजुळणी, हिशेबलेखन, आरेखन, छायाचित्रांचे संपादन यांसारख्या कामांत माल नसतो. कौशल्य आणि वेळ हेच भांडवल. कामाच्या आरंभी काही रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत ठेवली, तर खिशातील पैसा जवळजवळ अडकतच नाही. मात्र येथे उत्पन्नाला दिवसाच्या तासांची मर्यादा असते.

दुसरी पायरी ऑर्डरनुसार माल देण्याची. ऑर्डर आल्यावर वस्तू तयार करावी किंवा खरेदी करावी. माल पडून राहण्याचा धोका येथे टळतो. याच पायरीवर आणखी एक प्रकार आढळतो, त्यात पुरवठादारच माल थेट ग्राहकाकडे पाठवतो आणि विक्रेता मधला फरक कमावतो. हा मार्ग सोपा वाटला तरी त्यात एक मेख आहे. माल विक्रेत्याने कधी पाहिलेलाच नसतो, पण खराब निघाल्यास नाव मात्र त्याचेच खराब होते. निदान पहिले काही नग स्वतः मागवून, तपासून घेतल्याशिवाय असा व्यवहार करू नये.

तिसरी पायरी माल साठवून विकण्याची. येथे पोच लवकर देता येते आणि घाऊक भावाचा लाभ मिळतो. परंतु न विकलेला प्रत्येक नग म्हणजे फडताळात ठेवलेली रोकडच असते. ज्या वस्तूची विक्री दुसऱ्या पायरीवर सिद्ध झाली आहे, तीच तिसऱ्या पायरीवर न्यावी, हा शहाणपणाचा नियम.

३. एका ऑर्डरचा जमाखर्च

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जयपूरजवळील सांगानेर हे हातछपाईच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या भूमीवरील नाजूक फुलांची छपाई हे तेथील वैशिष्ट्य. तेथील एका तरुणीने १०,००० रुपयांच्या बचतीवर, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामच्या मदतीने छापील ओढण्या विकण्यास सुरुवात केली असे समजू. ओढणी वजनाला हलकी, न फुटणारी आणि मापाची अडचण नसलेली, म्हणजे निवड योग्यच आहे. एका ओढणीचा हिशेब असा :

विक्रीची किंमत : ६०० रुपये
छपाई कारखान्याकडून खरेदी : ३०० रुपये
वेष्टन : २० रुपये
कुरिअर खर्च : ७० रुपये
दर ऑर्डरमागे जाहिरात : ७० रुपये
कॅश ऑन डिलिव्हरीचे वसुली शुल्क : २० रुपये
शिल्लक : १२० रुपये

सहाशे रुपयांवर १२० रुपये, म्हणजे २० टक्के शिल्लक. कागदावर हा धंदा उत्तम दिसतो. परंतु कॅश ऑन डिलिव्हरीमध्ये पार्सल दारात आल्यावर ते घ्यायचे की नाही, हे ग्राहक ठरवतो. कोणी घरी नसतो, कोणाचा विचार बदललेला असतो, कोणाचा पत्ता अपुरा असतो. असे पार्सल परत आले की जाहिरातीचे ७०, वेष्टनाचे २०, जाण्याचे ७० आणि परतीचे समजा ६०, असे २२० रुपये बुडतात. ओढणी तेवढी परत मिळते.

आता १०० ऑर्डरचा विचार करू. त्यांपैकी २० परत आल्या, तर ८० यशस्वी ऑर्डरवर ९,६०० रुपये मिळतात आणि परतीवर ४,४०० रुपये जातात. उरतात ५,२०० रुपये. म्हणजे रवाना केलेल्या प्रत्येक ओढणीमागे १२० नव्हे, तर ५२ रुपये पदरात पडतात. परतीचे प्रमाण ३५ वर गेले, तर ६५ ऑर्डरवर ७,८०० रुपये मिळतील आणि ७,७०० रुपये जातील. शंभर ओढण्यांची खटपट करून शिल्लक अवघी १०० रुपये. त्यात एखादीच ओढणी मळून किंवा फाटून परत आली, की तीनशे रुपयांचा माल वाया जाऊन हिशेब तोट्यात उतरतो.

स्वतःच्या श्रमाचे मोलही यात धरले पाहिजे. एका ऑर्डरला छायाचित्रे, चौकशांची उत्तरे, बांधणी व पाठवणी मिळून अर्धा तास लागतो असे मानल्यास १०० ऑर्डरना ५० तास लागतात. पहिल्या स्थितीत तासाला १०४ रुपये पडतात, दुसऱ्या स्थितीत २ रुपये. विक्रीचा आकडा दोन्हीकडे ‘१०० ऑर्डर’ असाच दिसतो. म्हणून विक्री किती झाली यापेक्षा किती माल परत आला, हे रोज लिहून ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे.

४. पैशाची फेरी किती दिवसांची?

नफा आणि हातातील रोकड या दोन भिन्न गोष्टी आहेत. वरील उदाहरणात कारखानदाराला ३०० रुपये रोख द्यावे लागतात. वेष्टन, कुरिअर व जाहिरात यांचे १६० रुपयेही आधीच खर्च होतात. म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे ४६० रुपये बाहेर पडतात. पार्सल पोचण्यास पाच-सहा दिवस आणि त्यानंतर वसूल झालेली रक्कम कुरिअर कंपनीकडून खात्यात येण्यास आणखी काही दिवस, अशी एकूण १५ दिवसांची फेरी धरू.

दररोज एक ऑर्डर असेल, तर १५ दिवसांत ६,९०० रुपये वाटेत अडकलेले असतात. दहा हजारांत हे बसते. आता ओढण्या लोकांना आवडू लागल्या आणि दररोज दोन ऑर्डर येऊ लागल्या. अडकणारी रक्कम लगेच १३,८०० रुपये होते. तीन ऑर्डर झाल्या, तर २०,७०० रुपये. परत आलेला माल पुन्हा विकला जाईपर्यंत त्यात गुंतलेला पैसा वेगळाच. बचत मात्र १०,००० रुपयांचीच आहे. दररोजच्या एका ऑर्डरवर सरासरी ५२ रुपये सुटत असताना कमी पडणारे ३,८०० रुपये केवळ नफ्यातून उभे करायचे, तर सुमारे अडीच महिने लागतील, आणि तेही त्यातील एक रुपया घरखर्चाला न काढता.

येथेच कसोटीचा क्षण येतो. धंदा बुडालेला नसतो, उलट वाढलेला असतो. पण कारखानदाराला देण्यास पैसे नसतात, ऑर्डर रखडतात, ग्राहक नाराज होतात आणि घाईघाईने कोठून तरी महाग दराने पैसे उचलले जातात. वाढती विक्री रोकड खाते, हे ज्याला आधी कळले तो सावरतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण येथे शब्दशः लागू पडते, फक्त अंथरुणाची लांबी रुपयांइतकीच दिवसांतही मोजावी लागते.

५. ग्राहकाची आगाऊ रक्कम : सर्वांत स्वस्त भांडवल

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग त्याच हिशेबात दडलेला आहे. ग्राहकाने आधी पैसे दिले, तर ३० रुपयांची सवलत, असे या तरुणीने जाहीर केले असे समजा. ओढणी ५७० रुपयांना जाईल. सवलतीचे ३० रुपये कमी झाले, पण वसुली शुल्काचे २० रुपये वाचले. शिल्लक राहते ११० रुपये. पार्सल नाकारले जाण्याचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. कॅश ऑन डिलिव्हरीमध्ये सरासरी ५२ रुपये सुटत होते, येथे त्याच्या दुपटीहून अधिक सुटतात. शिवाय कारखानदाराला द्यायचे पैसे ग्राहकाच्याच रकमेतून जातात. स्वतःचा पैसा अडकतो तो फक्त जाहिरातीपुरता.

यूपीआयने ही सोय लहानातल्या लहान विक्रेत्याच्या हाती दिली आहे. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये ही प्रणाली सुरू केली आणि जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय देयकांवरील व्यापारी शुल्काचा दर शून्य ठेवण्यात आला. अर्थात त्रयस्थ संस्थेची देयक सेवा घेतल्यास तिचे शुल्क वेगळे असू शकते, ते आधी विचारून घ्यावे.

मात्र अनोळखी विक्रेत्याला कोणी आगाऊ पैसे का द्यावेत? भारतात ऑनलाइन खरेदी रुजत असताना, २०१० मध्ये, फ्लिपकार्टनेही कॅश ऑन डिलिव्हरी स्वीकारली ती हाच अविश्वास दूर करण्यासाठी. मोठ्या कंपनीला परतीचा खर्च सोसता येतो, दहा हजारांच्या धंद्याला तो सोसत नाही. लहान विक्रेत्याने विश्वास अन्य मार्गांनी मिळवला पाहिजे. संपूर्ण पत्ता व दूरध्वनी क्रमांक द्यावा, मालाची खरी, रंग न बदललेली छायाचित्रे दाखवावीत, परतीचे नियम स्पष्ट लिहावेत, पाठवणीचा क्रमांक त्याच दिवशी कळवावा आणि चूक झाल्यास वाद न घालता पैसे परत करावेत. पहिल्यांदा कॅश ऑन डिलिव्हरीने घेणारा ग्राहक दुसऱ्यांदा आगाऊ पैसे देऊ लागला, तर तो धंद्याचा खरा नफा समजावा. ज्यांना कॅश ऑन डिलिव्हरीच हवी, त्यांच्याकडून निदान कुरिअर खर्चापुरती रक्कम आधी घ्यावी.

६. नोंदणी व कायद्याचे भान

लहान धंद्याला कायदा लागू होत नाही, हा समज महागात पडतो. पुढील बाबी आरंभीच पाहून घ्याव्यात.

(अ) उद्यम नोंदणी : १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी ही ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. ती आधारच्या साहाय्याने व विनाशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही प्राधान्य क्षेत्रातील कर्जाच्या प्रयोजनापुरती ती खुली करण्यात आली.

(आ) वस्तू व सेवा कर : माल विकणाऱ्यास बहुतेक राज्यांत ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट असली, तरी परराज्यात करपात्र माल विकताना ही मर्यादा सर्वसाधारणपणे उपयोगी पडत नाही. तेथे उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागते. काही अधिसूचित हस्तकला वस्तूंना मात्र अटींसह सवलत आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारमंचांवर विकणाऱ्यांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून एक सोय झाली आहे. जे फक्त स्वतःच्या राज्यात माल विकतात आणि ज्यांची उलाढाल मर्यादेच्या आत आहे, त्यांना पूर्ण नोंदणीऐवजी नावनोंदणी क्रमांक घेऊन काम करता येते. आपला माल कोणत्या वर्गात बसतो, हे करसल्लागाराकडून पहिल्याच महिन्यात समजून घ्यावे.

(इ) वेष्टन व माहिती : पूर्ववेष्टित मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत आदी मजकूर बंधनकारक असतो. खाद्यपदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनुसार ऑनलाइन विक्रेत्यावर मालाची व परतीच्या अटींची खरी माहिती देण्याची जबाबदारी येते.

(ई) वस्तूविशेष नियम : काही वस्तूंना स्वतंत्र नियम असतात. उदाहरणार्थ, खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह अनिवार्य झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना, तसेच भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी विकू पाहणाऱ्याने माल कोणाकडून घ्यायचा, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते.

७. कर्ज केव्हा घ्यावे?

कर्ज हे धंदा चालेल की नाही हे पाहण्यासाठी घ्यायचे नसते. चालणारा धंदा रोकडीअभावी अडत असेल, तर त्यासाठी घ्यायचे असते. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत उत्पादन, व्यापार व सेवा क्षेत्रांतील सूक्ष्म उद्योगांना विनातारण कर्ज मिळते. ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत, ‘किशोर’ गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत मर्यादा आहे. ‘तरुण’ गटातील कर्जाची यशस्वी परतफेड करणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट जोडण्यात आला.

तारण नसले तरी बँकेला आधार लागतोच आणि तो व्यवहारांच्या नोंदींतून मिळतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून व्यवसायाचे वेगळे चालू खाते असावे. घरखर्च व धंदा एकाच खात्यात मिसळला, की नफा किती झाला हे मालकालाही सांगता येत नाही, मग बँकेला कसे कळावे? सहा महिन्यांचा खातेउतारा, ऑर्डरची वही आणि परतीचे प्रमाण दाखवता आले, तर लहान कर्जप्रस्तावही भक्कम होतो.

कर्जाचा विनियोग कशासाठी, हेही महत्त्वाचे. १९५९ साली मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. ती उसनी रक्कम गेली ती पापडाच्या सामग्रीत, म्हणजे लगेच विकता येणाऱ्या मालात. कर्जाची रक्कम ज्या मालाला मागणी सिद्ध झाली आहे त्यात घालावी. जाहिरातीचा प्रयोग करायचा झाल्यास तो स्वतःच्या बचतीतील थोड्या रकमेवर करावा. कर्ज काढून ग्राहक शोधण्यापेक्षा ग्राहक मिळाल्यावर कर्ज काढणे केव्हाही हितकारक.

८. फसवणुकीपासून सावध

नवख्या विक्रेत्याभोवती लबाडांचाही वावर असतो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. जो तसे सांगतो, तो पैसे काढून घेऊ पाहत असतो. पैसे भरल्याचे छायाचित्र हा पुरावा नव्हे, खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री केल्यावरच माल रवाना करावा. घरबसल्या उत्पन्नाचे आमिष दाखवून आधी नोंदणी शुल्क मागणाऱ्या योजना टाळाव्यात. स्वतःचे खाते कमिशनच्या मोबदल्यात इतरांच्या व्यवहारांसाठी मुळीच देऊ नये, कारण गुन्ह्याचा पैसा त्यातून फिरल्यास चौकशी खातेदाराचीच होते. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे.

समारोप

थोडक्यात, अल्प भांडवलातील ऑनलाइन व्यवसाय ही कल्पनारम्य गोष्ट नव्हे, ती साध्य होण्याजोगी वाट आहे. तिच्यासाठी मोठ्या रकमेपेक्षा एका साध्या वहीची गरज अधिक आहे. त्या वहीत चार रकाने असावेत : आज किती पैसे बाहेर गेले, किती आत आले, किती वाटेत अडकले आहेत आणि किती माल परत आला. दर आठवड्यास या चार रकान्यांची बेरीज पाहून पुढील आठवड्यात किती ऑर्डर घ्यायच्या, हे ठरवावे. जी ऑर्डर पेलणार नाही, ती नम्रपणे चार दिवस पुढे ढकलणे हेही व्यापाराचेच कौशल्य आहे. ज्याचा पैसा लवकर फिरून येतो, त्याचे दहा हजार वर्षाकाठी लाखोंची उलाढाल पेलतात. ज्याचा पैसा अडकून पडतो, त्याला लाखही अपुरेच वाटतात.